रत्नागिरीचे घर आणि दूरचा धनी

रत्नागिरीस येणारा प्रवासी बहुधा तीन ठिकाणे पाहून परततो: टिळक आळीतील लोकमान्यांचे जन्मस्थान, मांडवीचा किनारा आणि थिबा राजवाडा. यांपैकी राजवाड्याकडे व्यापारी दृष्टीने पाहिले, तर तो एक निराळीच कथा सांगतो. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा यास इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत केले व पुढच्याच वर्षी रत्नागिरीस आणून ठेवले. प्रथम तो सरकारने दिलेल्या बंगल्यांतून राहिला. उतरत्या छपरांचा हा तिमजली वाडा त्याच्यासाठी उभा राहिला तो १९१० साली, म्हणजे वनवासाची चोवीस वर्षे उलटल्यावर. त्यानंतर सहाच वर्षांनी, डिसेंबर १९१६ मध्ये, राजाचे निधन झाले आणि १९१९ साली राणी सुपयालत ब्रह्मदेशास परतली.

राजास सरकारी तनखा होता, वाडाही सरकारचाच होता, तरीही घरखर्च भागत नसे आणि बरोबर आणलेली माणके एकेक करून विकावी लागत, असा या परिवाराचा इतिहास आहे. वाड्याचे कौल फुटले तर ते बदलण्याचा खर्च मात्र राजाच्या वहीत पडत नव्हता. तो सरकारी खजिना सोशी. आज त्या वास्तूत संग्रहालय आहे आणि तिची निगाही शासनच राखते. वाड्याजवळच्या थिबा पॉइंटवरून भाट्याची खाडी आणि समुद्र पाहताना मनात एकच हिशेब येतो. घराचा धनी दूर असला वा हतबल असला, तरी घराचा खर्च थांबत नाही. तो कोणी ना कोणी जवळ राहून सोसतच असतो.

हा विचार आज आपल्या अनेक कुटुंबांना लागू आहे. रामआळी, गोखले नाका या बाजारपेठेत ज्यांच्या दोन-तीन पिढ्यांनी कापड, किराणा वा सराफी केली, त्यांची मुले आता दुबई, लंडन, सिंगापूर येथे स्थिरावली आहेत. त्यांच्या दृष्टीने रत्नागिरीचे वडिलोपार्जित घर किंवा मारुती मंदिर, नाचणे या भागांत घेतलेली सदनिका हेच आता 'परदेशातील घर' झाले आहे. बँकेत असताना अशा अनिवासी खातेदारांचे व्यवहार मी वर्षानुवर्षे पाहिले. बहुतेकांना घराची किंमत तोंडपाठ असे. त्या घराचा वार्षिक खर्च मात्र क्वचितच कोणास सांगता येई.

कोकणातील घराचा पहिला मोठा खर्च पाऊस ठरवतो. येथे वर्षास तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुने घर जांभ्या चिऱ्याचे व कौलारू असेल, तर मे महिन्यात शाकारणी करावीच लागते. कौले उतरवून झाडावी, फुटलेली बदलावी, कुजलेल्या रिपा व वासे नवे घालावे, पडवीस झडीपासून आडोसा करावा. वानरांनी एका उडीत फोडलेल्या चार कौलांतून श्रावणात जे पाणी येते, ते दिवाळीपर्यंत तुळई कुजवते आणि ओल आली की मागोमाग वाळवी येते. सदनिकेस कौले नसतात, परंतु खारे वारे असतात. खिडक्यांचे गज, पाण्याचा पंप, गच्चीवरील पत्र्याची शेड हे सारे समुद्राजवळ लवकर गंजते. बंद घर तर राहत्या घराहून लवकर खचते, कारण गळती पहिल्या दिवशी पाहणारा तेथे कोणी नसतो.

यावर उपाय म्हणून घर भाड्याने देण्याचा विचार पुढे येतो. पूर्वी पुष्कळ मालक घर रिकामे ठेवणे पसंत करीत, कारण १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याखाली एकदा शिरलेला भाडेकरू निघणे कठीण असे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. आता भाडेकरार बहुधा अनुज्ञप्तीच्या, म्हणजे लीव्ह अँड लायसन्सच्या स्वरूपात होतो. हा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. नोंदणी नसेल तर वादाच्या प्रसंगी अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. त्यावरील मुद्रांकशुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का असते. परतावा असलेल्या ठेवीवर दहा टक्के दराने व्याज कल्पून तेही त्यात धरतात. मालक परदेशी असेल तर सहीसाठी कुलमुखत्यारपत्र लागते. तेथे केलेले पत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक भरावा लागतो.

आता वही उघडून प्रत्यक्ष आकडे मांडू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्येकाने आपले घालावेत. समजा सदनिकेची किंमत ४० लाख रुपये आणि भाडे महिना १०,००० रुपये आहे. वर्षात एक महिना जागा रिकामी राहिली तर जमा १,१०,००० रुपये. नावेच्या बाजूस घरपट्टी ५,०००. सोसायटीचा आकार महिना १,५०० प्रमाणे १८,०००. त्यातील सेवाशुल्क १२,००० धरले तर भाडेकरू ठेवल्याबद्दल भोगवटा शुल्क १,२००, कारण सोसायटीस सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक भोगवटा शुल्क घेता येत नाही. पावसाळी दुरुस्ती १२,०००. चार वर्षांनी होणाऱ्या २४,००० च्या रंगकामाचा वार्षिक हिस्सा ६,०००. देखरेख करणाऱ्यास ६,०००. एकूण ४८,२०० रुपये. शिल्लक ६१,८००, म्हणजे किमतीच्या अवघे दीड टक्का.

एवढ्यावर हिशेब संपत नाही. मालक अनिवासी असेल तर भाडे कितीही लहान असो, भाडेकरूने त्यातून ३० टक्के कर व त्यावरील उपकर मिळून ३१.२ टक्के कापून सरकारजमा करावयाचे असतात. वरील उदाहरणात ही कपात ३४,३२० रुपये होते आणि त्या वर्षी मालकाच्या हाती फक्त २७,४८० रुपये उरतात. वास्तविक करपात्र रक्कम यापेक्षा कमी असते. भाड्यातून प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते. १,०५,००० वर ती घेतली की ७३,५०० राहतात. भारतात अन्य उत्पन्न फारसे नसेल तर विवरणपत्र भरून कापलेला कर परत मिळवता येतो. मात्र प्रमाणित वजावट तेवढीच राहते. पावसाने दुप्पट दुरुस्ती करावयास लावली, तरी ती वाढत नाही. भाडे अनिवासी सामान्य खात्यात, म्हणजे एनआरओ खात्यात जमा करावे. कर भरल्यानंतर ते परदेशी नेण्यास हरकत नसते.

हे नियम केवळ आपल्याकडेच आहेत असे नाही. ब्रिटनमध्येही घरमालक परदेशी राहत असेल, तर त्यास आगाऊ मंजुरी नसल्यास दलाल किंवा भाडेकरू भाड्यातून कर कापून ठेवतो. दूरच्या धन्याकडून कर आधी घ्यावा, ही रीत सर्वत्र आढळते.

आंब्याची बाग असलेल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अनिवासी भारतीयास शेतजमीन वा बाग वारसाहक्काने मिळू शकते, पण विकत घेता येत नाही. आणि विकावयाची झाल्यास ती भारतात राहणाऱ्या भारतीयासच विकता येते. म्हणून घर व बाग यांच्या वाटणीचा विचार वडीलधारे हयात असतानाच होणे इष्ट.

आतापर्यंतच्या सर्व रकमा कागदावर मांडता येतात. एक खर्च मात्र कोणीच मांडत नाही. माझ्या परिचयातील एका व्यापारी कुटुंबात तीन भाऊ आहेत. थोरला दुबईस, मधला पुण्यास आणि धाकटा येथे दुकानावर. वडिलांचे घर तिघांच्या नावे, भाडे तिघांत सारखे वाटले जाते. शाकारणीस गडी धाकटा शोधतो, भाडेकरूचा पंप बंद पडला की रात्री त्यालाच फोन येतो, घरपट्टीच्या रांगेत तोच उभा राहतो. या श्रमाची नोंद कोठेही नाही. दादांना वाटते, भाडे इतके कमी कसे येते? धाकट्याच्या मनात येते, यांना कौलांचा भाव तरी ठाऊक आहे काय? कोणी खोटे नाही. तरी दोन दिवाळ्या भाऊ एकत्र बसले नाहीत. घरात गळती नव्हती, नात्यात होती.

आपल्या पेढीत भागीदार काम पाहत असेल तर त्याचा मेहनताना आधी ठरतो आणि नफ्याची वाटणी नंतर होते. घरालाही तोच न्याय लावावा. घराच्या नावे स्वतंत्र खाते उघडावे. भाडे प्रथम त्यात जमा व्हावे. पट्टी, सोसायटी, दुरुस्ती यांबरोबर देखरेखीचा मोबदलाही त्यातून द्यावा, मग तो घेणारा सख्खा भाऊ का असेना. तो नको म्हणेल. तरी खात्यावर लिहावा आणि त्याच्या मुलांच्या नावे ठेवावा. पाडव्यास वर्षाचा ताळेबंद तिघांस पाठवावा. राखावे, भाड्याने द्यावे की विकावे, हा निर्णय त्या ताळेबंदासमोर बसून घेतला तर कटुता येत नाही. दीड टक्क्याचे घरही राखण्यासारखे असू शकते, कारण तेथे आईवडिलांचे दिवस गेलेले असतात. परंतु त्या मायेची किंमत सर्वांनी मिळून मोजावी, एकट्याने नव्हे.

रत्नागिरीस येणे झालेच, तर एप्रिल-मे मध्ये यावे. हापूस असतो, समुद्र शांत असतो, आणि घरोघरी छपरांवर माणसे चढलेली दिसतात. त्या दिवसांत आपल्या घराच्या छपरावर कोण चढले आहे, हे दूरच्या धन्याने एकदा खाली उभे राहून पाहावे.