नसलेलं भोक

वर्धा जिल्ह्यात अपघातात चेहऱ्याला मार लागला, की माणूस बहुधा सेवाग्रामला नाहीतर सावंगीला पोचतो. सीटी होतं आणि पडद्यावर कवटी उभी राहते, हवी तशी फिरवता येणारी. तिला फोटो समजणं ही पहिली चूक. मशीन देतं ते फक्त घनतेचे आकडे: हाउन्सफील्डच्या मापात हवा उणे 1000, पाणी 0, हाड काही शे ते हजाराच्या वर. कुठला आकडा किती अपारदर्शक दाखवायचा, हे माणूस ठरवतो. म्हणून चित्र बिघडलं, की रंग-प्रकाशाशी खेळत बसण्याआधी आकडे उघडावेत. कापूस घेणाराही गंजीच्या पोटात हात घालतोच की.

बिघाडाचं रूपच पुष्कळदा कारण सांगतं. उणे आकडे वाचताना चिन्ह हरवलं, तर सोळा बिटांत उणे 1000 चे 64536 होतात. हवाच हाडाहून घट्ट ठरते आणि रुग्ण एका ठोकळ्यात गडप होतो. फाइलमध्ये सांगितलेली 1024 ची वजाबाकी करायची राहिली, तर पाणीसुद्धा हाडाच्या रंगात येतं. कवटी भाकरीसारखी चपटी दिसली, तर सीटीच्या एकामागच्या एक कापांमधलं अंतर वाचलेलं नाही. नजरेच्या रेषेवरचे नमुने दुप्पट जवळून घेतल्यावर सगळं दाट झालं, तर अपारदर्शकता नव्याने मोजलेली नाही. मिलिमीटरला 50 टक्के असेल तर अर्ध्या मिलिमीटरला 25 नव्हे, सुमारे 29 टक्के लागते.

अवघड प्रकरण डोळ्याच्या खोबणीचं. तिथलं पातळ हाड आणि शेजारची हवा एकाच बिंदूत मोजली जातात, सरासरी हाड दाखवण्याच्या उंबरठ्याखाली घसरते आणि धडधाकट हाडाला भोक दिसतं. उंबरठा खाली आणला की भोक बुजतं. पण खरी फटही त्याच हाताने बुजू शकते. कुणी म्हणेल, निदान तर कापांवरूनच होतं, मग चित्राचा एवढा काथ्याकूट कशाला? निदान कापांवरून होतं, हे खरंच. पण शस्त्रक्रियेची आखणी करताना आणि नातेवाइकांना समजावताना समोर हेच चित्र असतं, आणि डोळ्यांनी पाहिलेलं भोक मनातून सहजी जात नाही. उपाय आहे तो पातळ काप घेण्यात. जाड काप नंतर कितीही गुळगुळीत केले तरी न मोजलेलं हाड त्यात परत येत नाही. आणि खोबणीचा तळ तर काही जागी अर्धा मिलिमीटरही जाड नसतो.