आजोबांची साखर आणि सहा शून्यं

आमचं घर गौलीगुड्यात. गॅलरीतून पूर्वी जुन्या बसस्टँडचं कमानदार हँगर दिसायचं. २०१८ च्या जुलैत ते कोसळलं. पण आजोबा अजूनही संध्याकाळी त्याच बाजूला तोंड करून बसतात. त्यांना मधुमेह आहे. रोज सकाळी उपाशीपोटी साखर तपासायची आणि वहीत आकडा लिहायचा, हा त्यांचा नेम.

त्या सुट्टीत मी सायलॅब शिकत होते. फ्रान्समधल्या इनरिया संस्थेत जन्मलेली ही गणिती प्रणाली फुकट मिळते, आणि मुंबई आयआयटीच्या स्पोकन ट्युटोरिअल प्रकल्पात तिचे मराठी पाठही आहेत. मॅट्रिक्स मराठीत ऐकताना आधी हसूच आलं, मग बरं वाटलं. पाठ झाले, आता सरावाला आकडे हवेत. समोर आजोबांची वही होती.

जूनचे आकडे घेतले. एक ते नऊ तारखांचे नऊ आकडे भरले. दहा ते पंधरा पानं कोरी, कारण आजोबा नांदेडला लग्नाला गेले होते. मी सरळ सोळाव्या जागी आकडा टाकला आणि तीसपर्यंत भरत गेले. सायलॅबने ना तक्रार केली, ना इशारा दिला. सरासरी काढली : १२०!

"आजोबा, तुमची साखर एकदम झकास!"

आजोबा खूश. "बघ, मी म्हणत नव्हतो?" लगेच पिशवी घेऊन खाली उतरले आणि पेढे घेऊन आले. डॉक्टरांना गोळी कमी करायला सांगू, असंही म्हणाले. पेढा त्यांनी खाल्ला, मीही खाल्ला.

रात्री आलेख काढला, तर रेघ मध्येच धाडकन तळाला गेलेली. आजी चष्मा लावून वाकली. "हे काय गं?"

"तेव्हा आजोबा नांदेडला होते."

"मग इथं शून्य कसं? शून्य साखर असलेला माणूस लग्नात जेवतो होय?"

मग ट्यूब पेटली. नवव्यानंतर थेट सोळाव्या जागी किंमत ठेवली की सायलॅब मधल्या जागा स्वतःच शून्याने भरतं. मी ३६०० ला २४ ऐवजी ३० ने भागलं होतं. खरी सरासरी १५०. एका पेढ्यापुरतं निभावलं. डॉक्टरांकडे तो आकडा गेला असता तर? विचारानेच पोटात गोळा आला.

दुसऱ्या दिवशी आधी तीसच्या तीस जागा 'नॅन'ने भरल्या. नॅन म्हणजे 'संख्याच नाही' अशी खूण. त्यावर वहीतले चोवीस आकडे बसवले. साध्या सरासरीचं उत्तरही नॅनच आलं, म्हणजे निदान खोटं तरी बोललं नाही. मग नॅनमीन वापरलं, ते रिकाम्या जागा सोडून मोजतं : १५०. आलेखात आता रेघ नऊला थांबते, पुढे मोकळी जागा, आणि सोळाला पुन्हा सुरू होते.

छापून आजोबांना दाखवला. १५० वर ते काहीच बोलले नाहीत. आजीने मात्र त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"अहो, या सहा दिवसांत काय काय खाल्लंत?"

आजोबा गॅलरीत जाऊन बसले. "जिलबी," ते बऱ्याच वेळाने म्हणाले. "रोज."