बंद केलेली विहीर

महाराष्ट्राचा चार-पंचमांशांहून अधिक भूभाग दख्खनच्या लाव्हाप्रवाहांतून घडलेल्या बेसॉल्टने, म्हणजेच बोलीभाषेतील काळ्या पाषाणाने, व्यापलेला आहे. हा खडक मुळात घट्ट असल्यामुळे त्यातील पाणी वाळूतल्यासारखे सर्वत्र पसरत नाही; वरच्या झिजलेल्या मुरमात, खालच्या भेगांत आणि दोन लाव्हाप्रवाहांच्या सांध्यांत ते साठते व त्याच वाटांनी पुढे सरकते. त्यामुळे नदीकाठच्या गाळाच्या प्रदेशात दूषित पाण्याचा पट्टा उताराच्या दिशेने लांबत गेलेला आढळतो, तर काळ्या पाषाणात कारखान्याच्या कुंपणालगतची विहीर स्वच्छ आणि दोन गल्ल्या ओलांडून असलेली बोअर पिवळी, असेही घडू शकते. प्रस्तुत लेखकाने पश्चिम महाराष्ट्रातील एका शहरी औद्योगिक वसाहतीत भूजलाच्या पाहणीचे जे काम केले, त्यातून दूषित विहीर बंद करणे आणि प्रदूषणाचे व्यवस्थापन करणे यांतील अंतर स्पष्ट झाले. त्या अंतराचे विवेचन येथे केले आहे.

या वसाहतीत धातूच्या सुट्या भागांवर क्रोमियमचा मुलामा चढवणाऱ्या लहान कार्यशाळा होत्या. मुलाम्याच्या हौदात वापरले जाणारे क्रोमिक आम्ल सांडून, फरशीच्या सांध्यांतून झिरपत मुरमात उतरले, की त्यातील षट्संयुजी क्रोमियम पाण्यात विरघळलेल्या स्थितीत दूरवर वाहत जाते. याच धातूचे त्रिसंयुजी रूप मात्र उदासीन पाण्यात साक्याच्या रूपाने खाली बसते आणि फारसे हलत नाही. विषारी आणि कर्करोगकारक असलेले रूप नेमके तेच, जे प्रवास करते. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाने एकूण क्रोमियमची मर्यादा प्रतिलिटर 0.05 मिलीग्रॅम ठरवली असून पाण्याला पिवळी झाक दिसू लागते तेव्हा ही मर्यादा कित्येक पटींनी ओलांडली गेलेली असते. म्हणून ‘पाणी तर नितळ आहे’ हा रहिवाशांकडून वारंवार ऐकू येणारा दिलासा शास्त्रीय दृष्ट्या निराधार ठरतो.

पाहणीची सुरुवातच चुकीने झाली, हे येथे नमूद करणे आवश्यक आहे. बोअरच्या नळीत साचून राहिलेले पाणी आधी पुरेसा वेळ उपसून टाकल्याशिवाय घेतलेला नमुना खडकातील पाण्याचा नसतो, त्या नळीचाच असतो; तसेच षट्संयुजी क्रोमियम तपासायचे असल्यास नमुना थंड ठेवून लवकर तपासावा लागतो, अन्यथा वाटेतच त्याचे त्रिसंयुजी रूपात परिवर्तन होण्याची शक्यता असते. पहिल्या फेरीत या दोन्ही दक्षता अपुऱ्या राहिल्याने अहवाल समाधानकारक आला आणि त्या समाधानाचे खंडन करण्यात पुढील फेरी खर्ची पडली. पाऊस पडला की सारे धुऊन जाईल ही अपेक्षाही फोल ठरली. पावसाळ्यात भूजलाची पातळी चढून मुरमात अडकून पडलेल्या क्रोमियमपर्यंत पोहोचली, की ते पुन्हा पाण्यात उतरते, आणि पावसाळ्यानंतरचे प्रमाण उन्हाळ्यापेक्षा अधिक भरले.

प्रदूषण सिद्ध झाल्यावर सर्वांत दूषित बोअरचा पंप काढून तिला झाकण बसवण्यात आले आणि ‘पाणी पिण्यास अयोग्य’ अशी पाटी लावण्यात आली. पिण्याचा वापर थांबवणे योग्यच होते. परंतु रोज उपसली जाणारी बोअर सभोवतालचे पाणी स्वतःकडे ओढत असते आणि नकळत दूषित पाण्यालाही धरून ठेवते, ही बाब त्या निर्णयात विचारात घेतली गेली नव्हती. उपसा थांबताच ती पकड सुटली, पाणी आपल्या नैसर्गिक उताराकडे वळले आणि काही महिन्यांनी, तोवर निर्दोष असलेल्या पलीकडच्या बोअरच्या पाण्यात क्रोमियम आढळू लागले. ज्या कुटुंबांना आपले पाणी सुरक्षित असल्याचे सांगण्यात आले होते, त्यांना ते तसे राहिले नसल्याचे सांगण्याची वेळ पाहणी करणाऱ्यांवर आली, आणि त्या संभाषणांनंतरच कामाचा मूळ प्रश्न बदलला: दोषी कोण, याच्या जोडीला पाणी कोणत्या दिशेने जाते हेही विचारले जाऊ लागले.

त्या दिशेचे उत्तर साध्या साधनांनी मिळते. एकाच जलधारक थरातील किमान तीन विहिरींच्या काठांची समुद्रसपाटीपासूनची उंची मोजून, त्यांतील पाण्याची खोली टेपने एकाच दिवशी घेतली, की पाण्याच्या पृष्ठभागाचा उतार काढता येतो. मात्र बेसॉल्टमध्ये भेगांची दिशा या उताराला बगल देऊ शकत असल्याने तीनपेक्षा बऱ्याच अधिक विहिरी आणि वर्षभराच्या नोंदी लागतात. कायद्याचा आधारही नवा नाही. 1974 च्या जलप्रदूषण प्रतिबंध कायद्यात ‘प्रवाह’ या शब्दाच्या व्याख्येतच भूमिगत पाण्याचा समावेश आहे, आणि त्याच्या चोविसाव्या कलमाने विहिरीत वा जमिनीवर विषारी द्रव्य जाणीवपूर्वक सोडण्यास मनाई केली आहे.

शुद्धीकरणाच्या उपायांपैकी जमिनीत पुरलेल्या लोहाच्या भिंतीचा उपाय लक्षणीय आहे. अमेरिकेतील उत्तर कॅरोलायना राज्यात एलिझाबेथ सिटी येथे, तटरक्षक दलाच्या जुन्या मुलामा कार्यशाळेतून झिरपलेल्या क्रोमियमच्या वाटेत, 1996 मध्ये सुमारे 46 मीटर लांब आणि सात मीटरहून थोडी अधिक खोल अशी लोहकणांची भिंत उभारण्यात आली. तिच्यातून पाणी वाहताना लोह षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजी रूपात परिवर्तन करून त्याला तेथेच अडवते. तेथील भूमी वालुकामय होती म्हणून असा चर खणता आला. कठीण पाषाणात हजार भेगांपुढे एक भिंत घालणे व्यवहार्य नाही. अशा ठिकाणी गळणारी फरशी व हौद दुरुस्त करून उगम थांबवणे आणि दूषित विहिरीतूनच नियंत्रित उपसा करून ते पाणी शुद्धीकरणाकडे नेणे, हाच मार्ग उरतो. त्यास वर्षे लागतात.

त्या वसाहतीत अखेरीस झाकण काढून बोअरमध्ये पुन्हा पंप सोडण्यात आला, आणि उपसलेले पाणी स्वतंत्र टाकीतून प्रक्रियेसाठी जाऊ लागले. पाटी कायम राहिली, कारण तिच्यावरील मजकूर अजूनही खराच होता. मात्र शेजारच्या खोलीत एक वही ठेवण्यात आली, जिच्यात दिनांक, पाण्याची खोली आणि क्रोमियमचे प्रमाण हे तीन रकाने भरले जातात, आणि पलीकडच्या बोअरची नोंदही त्याच पानावर घेतली जाते.