ग्रेनाडा : जायफळाचे बेट

श्रीखंडात आपण किसून घालतो ते जायफळ एका देशाच्या राष्ट्रध्वजावर विराजमान आहे. तो देश म्हणजे कॅरिबियन समुद्रातील ग्रेनाडा. क्षेत्रफळ अवघे ३४४ चौरस किलोमीटर, राजधानी सेंट जॉर्जेस, स्वातंत्र्य ७ फेब्रुवारी १९७४ चे. येथे १८५७ मध्ये ‘मेडस्टोन’ जहाजातून भारतीय मजूर करारावर उतरले होते. चलन शेजारच्या बेटांशी सामाईक. १९७६ पासून २.७० पूर्व कॅरिबियन डॉलरला एक अमेरिकी डॉलर, हा दर ढळलेला नाही. बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला याचे कौतुक वाटणारच!

चलन असे स्थिर, पीक मात्र नाही. जायफळात तेव्हा इंडोनेशियाखालोखाल स्थान असलेल्या या बेटावर सप्टेंबर २००४ मध्ये ‘आयव्हन’ चक्रीवादळ कोसळले आणि बहुतांश झाडे उन्मळून पडली. विंचूर-लासलगावचा कांदा गारपिटीने गेला, तर व्यापारी पुढच्या हंगामाकडे डोळे लावतो. जायफळाच्या रोपाला फळ धरण्यासच सात-आठ वर्षे लागतात. त्यातही बीपासून उगवलेली सुमारे निम्मी झाडे नर निघतात, आणि ते कळते फुलोरा आल्यावरच. एवढा काळ पेढी कशावर चालवावी? कित्येक शेतकरी कोकोकडे वळले. बाकीच्यांनी पुन्हा जायफळाचीच रोपे लावली.