शाळा सोडण्याचे कारण

२०१३ सालचा मे महिना. आमच्या परंडा तालुक्यात प्यायचं पाणी टँकरनं येत होतं आणि जनावरं छावणीत होती. माझा मुक्काम छावणीतच, दोन बैल आणि एका गाईच्या दावणीशी. पोरगा जानेवारीतच चाकणला गेला होता. एका कंपनीत ठेकेदाराच्या हाताखाली लागला होता, महिना नऊ हजार दोनशे. जूनमध्ये बायकोपोरांना न्यायचं ठरलं, तेव्हा नातीचा शाळेतनं दाखला काढायचं काम माझ्याकडं आलं.

नात तिसरी पास झालेली. नातवाला पहिलीत घालायचं होतं, त्याला दाखल्याची गरज नव्हती.

गावातली जिल्हा परिषदेची शाळा म्हणजे मीही तिथंच शिकलेला, माझी दोन्ही पोरंही तिथंच. हेडमास्तरांनी जनरल रजिस्टर काढलं, चष्मा पुसला, आणि म्हणाले, "आण्णा, दाखला देतो, पण पट बघा. ही गेली, धाकटा आलाच नाही, म्हणजे माझी दोन पोरं गेली." मी काय बोलणार? पोरं काय मी वाटेत सांडली होती? मास्तर लिहीत गेले. शाळा सोडण्याचे कारण या रकान्यापाशी थांबले. "काय लिहू? दुष्काळ लिहिता येत नाही." मग त्यांनीच लिहिलं, 'पालकांचे स्थलांतर'.

पहिल्या पावसाची वाट बघण्यापलीकडं रानात काम नव्हतं. जनावरं भावाच्या स्वाधीन केली आणि पोरांना सोडायला म्हणून मीही चाकणला गेलो. चाकण म्हटलं की आम्हाला कांद्याचा बाजार ठाऊक. आता कांद्याच्या रानात कंपन्या उभ्या राहिलेल्या. पोरानं वाडीत खोली घेतली होती, दहा बाय बाराची, भाडं बावीसशे. एका ओळीत दहा खोल्या. कुणी लातूरचा, कुणी बुलढाण्याचा, दोन खोल्या बिहारी, एक उत्तर प्रदेशवाला. पाण्याला सगळ्यांचा एकच नळ. नळावर दोन विषय, पाणी कधी येणार आणि पोरगं कुठल्या शाळेत घातलं.

शेजारचा लातूरवाला पहिल्याच दिवशी म्हणाला, "काका, झेडपीत घालू नका. तिथं सगळी लेबरची पोरं असतात." तो स्वतः त्याच कंपनीच्या गेटातनं आत जायचा ज्यातनं माझा पोरगा जायचा. मी म्हणलं, मग आपण कोण? तो हसला, पण त्याचं म्हणणं त्यानं सोडलं नाही.

त्याचा पोरगा तिसरीत होता, इंग्लिश मीडियमला. टाय, बूट, पिवळी बस. मी त्याला जवळ बोलावलं, कविता म्हणायला लावली. त्यानं घडाघडा म्हटली. अर्थ विचारला तर आईकडं बघायला लागला. मग पेपर दिला, वाच म्हटलं. मराठी त्याला लागेना. मनात म्हटलं, बघा. पण लबाडी कशाला करू, दोन दिवसांनी झेडपीतल्या चौथीच्या पोराला भागाकार घातला तर तोही गडबडला. नळावरच्या गप्पांनी शाळा कळत नाही, म्हणून मी दोन्हीकडं जाऊन आलो.

खाजगी शाळा रस्त्याला लागून होती. रंगीत भिंती, गेटवर वॉचमन. आत एक बाई होत्या, फार गोड बोलल्या. फी बावीस हजार, बसचे सहा, वह्या-पुस्तकं आणि ड्रेस शाळेतूनच घ्यायचे, त्याचे वेगळे. मी विचारलं, शिकवणाऱ्या बाई किती शिकल्यात? त्यांना ते आवडलं नाही. पुढं वाडीतल्याच एका पोरीकडनं कळलं, ती बारावी झालेली आणि तिथं ज्युनियरला शिकवत होती, चार हजारावर. पोरगी चांगली होती. जीव लावून शिकवत असेल. पण तिचा पगार ऐकून वाटलं, आपले बावीस हजार भिंतींनाच जातात.

पंचवीस टक्के जागा गरिबांना मोफत द्यायच्या असा २००९चा कायदा आहे, हे मला माहीत होतं. नातवासाठी विचारलं. त्याला रहिवासाचा पुरावा लागतो, भाडेकरार लागतो. खोलीमालक भाडं रोख घ्यायचा आणि कराराचं नाव काढलं की म्हणायचा, "पाव्हणं, कागद करायचा असंल तर खोली सोडा." शिवाय उत्पन्न लाखाच्या आत लागतं, आणि पोराचा बाराही महिन्यांचा पगार धरला तर लाखाच्या वर दहा हजार होत होता. बाराही महिने काम मिळालं तर. ते दार तिथंच मिटलं.

झेडपीची शाळा वाडीच्या मागं, देवळाजवळ. गावाकडं आमच्या शाळेत पोरं शोधावी लागतात आणि इथं पोरांना बसायला जागा नाही! शाळा दोन पाळ्यांत भरायची. एका वर्गात सत्तर पोरं. मराठी, हिंदी, भोजपुरी, सगळा कालवा. व्हरांड्यात खिचडीचं पातेलं. पहिलीच्या बाई उभ्या वयाच्या, घसा बसलेला. मी नातवाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजोबा, आणा. नाही म्हणता येत नाही आणि म्हणणारही नाही. पण खरं सांगते, सत्तरांत मी प्रत्येकाची वही रोज बघू शकत नाही. घरी कुणी अर्धा तास बसणार असेल तर तुमचा पोरगा मागं राहणार नाही. कुणीच बसणार नसेल तर मी एकटी पुरी पडत नाही."

इतकं खरं बोलणारं माणूस मला त्या आठवड्यात दुसरं भेटलं नाही.

रात्री खोलीत बोलणं निघालं. पोरानं आधीच ठरवलं होतं. नातवाला इंग्लिश मीडियम, नातीला झेडपी. मी कारण विचारलं. मला वाटलं, पोरगी परक्याचं धन वगैरे म्हणेल आणि मी त्याला झापेन. पण तो म्हणाला, "आण्णा, तिचं डोकं चांगलं हाय. ती कुठंबी शिकंल. ह्याचंच अवघड हाय, ह्याला चांगली शाळा पायजे." सूनबाई म्हणाली, "मी कंपनीच्या कँटीनला जाते. गेटवर फॉर्म भरायला दिला, सगळा इंग्रजीत. त्या वॉचमननं भरला माझा फॉर्म, मामा. माझ्या पोराचा फॉर्म वॉचमननं भरू नये." तिचं मला खोटं म्हणता येईना. नात पांघरूण घेऊन भिंतीकडं तोंड करून पडली होती. झोपली नव्हती. पांघरुणातनं म्हणाली, "आबा, मला बस नगं. मी चालत जाईन त्या शाळेत." मग कुणीच बोललं नाही. मीसुद्धा.

नातवाचा जन्मदाखला गावीच राहिला होता. दुसऱ्या दिवशी एसटीनं मी परत निघालो.

आमच्या घरात एक पत्र्याची ट्रंक आहे. सातबारा, सोसायटीच्या पावत्या, माझं १९७६चं दहावीचं मार्कलिस्ट, सगळं तीत. नातवाचा दाखला शोधताना हाताला एक पिवळा पडलेला कागद लागला. माझ्या लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला. सातवी उत्तीर्ण, १९९३. प्रगती चांगली. वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचे कारण: 'पालकांचे विनंतीवरून'.

ती विनंती मीच केली होती.

किल्लारीचा भूकंप झाला त्याच वर्षीचा जून. लेक सातवी झाली आणि पोरगा चौथी, एकाच वेळी. गावात शाळा सातवीपर्यंतच. हायस्कूल सात किलोमीटरवर, गाडी नाही. पोराला बार्शीला एका संस्थेच्या शाळेत, बोर्डिंगात ठेवलं. पोरगं नाजूक, हूड, अभ्यासाला चांगली शाळा पाहिजे. आणि पोरगी? मी हिला म्हणालो होतो, "ती हुशार हाय, ती कुठंबी निभावंल." हेच शब्द. वीस वर्षांनी माझ्याच पोराच्या तोंडून ते मला चाकणच्या खोलीत ऐकू आले आणि मी ओळखले नाहीत. त्या वर्षी बोर्डिंगला जे पैसे भरले त्यात दोन सायकली आल्या असत्या. लेकीला एकच लागत होती.

लेक काही बोलली नव्हती तेव्हा. पाटी-पुस्तकं कोनाड्यात ठेवली आणि खुरपं घेतलं. अठराव्या वर्षी लग्न झालं, बार्शी तालुक्यातच दिली.

ट्रंकेपाशी किती वेळ बसलो सांगता येत नाही. हिनं चहा आणला, कागद बघितला आणि काही न बोलता गेली. तिला वाचता येत नाही, पण तिनं तो कागद ओळखला.

चाकणला परत गेलो ते एवढंच सांगायला. "शाळा कुठली ते तुम्ही ठरवा. पण दोघं एकाच शाळेत जातील. दोघांची फी भरायची ताकद असंल तर दोघं बसमध्ये बसतील. नसंल तर दोघं चालत जातील." पोरानं हिशेब केला. दोघांचे छप्पन हजार, वर वह्या-पुस्तकं. वर्षाच्या पगारातला निम्मा. सूनबाई रडली. मला म्हणाली, "मामा, तुमी दोन दिवस राहून जाणार, शब्द आमाला ऐकावे लागत्यात." खरंच होतं ते. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, भाकरी मात्र गरम वाढली.

दोघं झेडपीत गेली. रोज रात्री अर्धा तास बसायचं पोरानं कबूल केलं, पण पाळी बदलली की अर्धा तास बुडायचा. शेवटी नातीनंच भावाला घेऊन बसायचा नेम धरला. म्हणजे तिच्या डोक्यावर तेही आलंच. मी ते बघितलं आणि गप्प बसलो, कारण दुसरा उपाय सुचला नाही. त्या घसा बसलेल्या बाईंची दोन वर्षांनी बदली झाली. पुढं पोरं सेमी इंग्रजीच्या हायस्कुलात गेली, दोघंही एकाच. नातू आजही मला ऐकवतो, "आबा, तुमच्यामुळं माझं इंग्लिश कच्चं राहिलं." असेलही. त्याच्याबरोबरची बसमधली पोरं आज मोबाईलवर फटाफट इंग्रजी बोलतात. त्यातल्या दोघांची शाळा मात्र फी थकली म्हणून चौथीतच सुटली. दाखला अडवून ठेवला त्यांचा. कायद्यानं दाखल्यावाचून दुसऱ्या शाळेत प्रवेश अडवता येत नाही, हे त्यांच्या बापाला सांगायला कुणी नव्हतं. पोरं सहा महिने घरी बसली.

२०१९च्या पावसाळ्यात लेकीचा फोन आला. ती सासरी अंगणवाडीत मदतनीस आहे. मदतनीसाला सातवी चालायची. मदतनीसाची सेविका व्हायचं तर तेव्हा दहावी लागायची. म्हणाली, "आण्णा, सतरा नंबरचा फॉर्म भरतीय. बाहेरनं बसता येतं. माझा शाळेचा दाखला तुमच्याकडं हाय का? मूळ लागतो."

पोस्टानं पाठवता आला असता. मी घेऊन गेलो. ती ओट्यावर गहू निवडत होती. कागद हातात घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. त्या रकान्यावर बोट आलं तेव्हा मी रस्त्याकडं बघत होतो. ती म्हणाली, "आण्णा, ह्याच्या झेरॉक्स काढून ठेवू चार. मूळ कागद फाटायला आलाय." आणि चहा टाकायला उठली.

नातही त्याच वर्षी दहावीला. मग आत्या-भाचीचा अभ्यास फोनवर सुरू झाला. भाची गणित सांगायची, आत्या तिला मराठीच्या म्हणी. लेकीचं वय एकोणचाळीस, तिच्या थोरल्याचं कॉलेज सुरू झालेलं. तो परीक्षेला आईला मोटारसायकलवर सोडायला जायचा. सेंटरवर शिपाई म्हणाला, "पालकांनी गेटबाहेर थांबा," आणि तिला आत घेईना. हॉलतिकीट दाखवल्यावर सोडलं.

मार्च २०२०. कोरोना आला आणि शेवटचा भूगोलाचा पेपर रद्द झाला. सगळी पोरं नाचली म्हणतात. चाकणला नातही नाचली. लेकीनं मात्र मला फोन केला, चिडलेली. म्हणाली, "आण्णा, भूगोल माझा सगळ्यात चांगला झाला होता. सगळ्या नद्या पाठ होत्या. आता कुणाला म्हणून दाखवू?"

मी म्हणालो, मला म्हणून दाखव. छपरात फोन कानाला लावून गाईपुढं चारा टाकत होतो. तिनं गोदावरीपासून सुरुवात केली.