सुकीकाठचे चार दिवस

मध्य प्रदेशातल्या निमाडात नोकरी करता करता माझी अठ्ठावीस वर्षे निघून गेली. शिक्षण इंदूरच्या कृषी महाविद्यालयात झाले. तिथल्या जुन्या संस्थेत १९२४ पासून पुढची काही वर्षे अल्बर्ट हॉवर्डसाहेबांनी काडीकचरा आणि शेण यांचे कंपोस्ट करण्याची रीत बसवली. तिला आजही इंदूर पद्धत म्हणतात. मीही तिकडेच विस्तार अधिकारी झालो आणि कपाशी-मिरचीच्या शेतांतून फिरत राहिलो. पण माझे गाव महाराष्ट्रातले, रावेर तालुक्यात, सुकी नदीच्या काठी. आई आणि दादा तिथेच असतात. यंदा संक्रांतीला चार दिवसांची रजा काढून गेलो.

खरगोनहून बसने खंडवा आणि तिथून भुसावळकडे जाणारी गाडी. नेपानगर मागे पडले की सातपुड्याचे डोंगर दिसू लागतात आणि असीरगडाची काळी भिंत आभाळाला टेकलेली दिसते. मग बऱ्हाणपूर, आणि थोड्या वेळात रावेर. राज्य बदलते, पण पाटी वाचून ते कळत नाही, कारण हिंदी आणि मराठी दोन्हीत रावेर हे सारखेच लिहितात! कळते ते खिडकीबाहेर पाहून. दोन्ही बाजूंना केळीच केळी, मैलोगणती. लहानपणी या स्टेशनावर आम्ही केळीचे डबे भरताना तासन् तास बघत बसायचो. ते डबे दिल्लीला जातात म्हटले की दिल्ली फार जवळची वाटायची.

घरी पोचलो तेव्हा आई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. "किती वाळला रे," एवढेच म्हणाली. मी खरे तर चांगला सुटलो आहे, पण आईच्या डोळ्यांना ते दिसत नाही. दुसऱ्या दिवशी दादाने मळ्यात भरिताचा बेत केला. पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी भाजली, बडगीत कुटली, कांद्याची पात, शेंगदाणे आणि हिरवी मिरची पडली. वहिनींनी कळण्याच्या भाकरी थापल्या. वाचकहो, त्या भरिताचे वर्णन करीत बसलो तर कागद पुरायचा नाही.

जेवायला सारे जुने सोबती आले. एक तेवढा आला नाही. मी दादाकडे पाहिले, तर दादा म्हणाला, "त्याला तूच भेटून ये."

कारण मला ठाऊक होते. २०२० च्या पावसाळ्यात आमच्या भागात केळीवर हरण्या रोग मोठ्या प्रमाणात आला. शास्त्रात त्याला कुकुंबर मोझॅक विषाणू म्हणतात. ढगाळ हवा, संततधार पाऊस आणि मावा, अशी सगळी गाठ पडली. माझ्या या सोबत्याने तीन एकर मृगबाग लावली होती, सहा बाय पाच फुटांवर म्हणजे सुमारे चार हजार तीनशे रोपे. पानांवर पिवळ्या रेघा दिसताच त्याने मला फोन केला. मी म्हटले, "फोटो पाठव, बघतो." त्याने पाठवला. त्या दिवसांत आमच्याकडे मिरचीवर पाने मुरडण्याचा रोग होता, गावोगाव धावपळ चालली होती. त्या गडबडीत त्याचा फोटो मी बघितलाच नाही. बघितला तो नवव्या दिवशी. तोवर रोग सगळ्या बागेत फिरला होता. या विषाणूवर औषध नाही. सुरुवातीलाच पाच-पन्नास रोपे मुळासकट उपटून शेताबाहेर पुरली, तण काढले आणि माव्याचा बंदोबस्त केला, तर बाकीची बाग वाचू शकते. त्याच्या बांधाला काकडी आणि मधल्या पट्ट्यात मिरची होती. या दोन्ही पिकांवर तो विषाणू राहतो, तिथून मावा तो केळीवर आणतो. हे सांगायला दोन मिनिटे पुरली असती. शेवटी त्याने ट्रॅक्टर घालून सगळी बाग मोडली.

संध्याकाळी त्याच्या मळ्यात गेलो. ठिबकच्या नळ्या गुंडाळीत होता. त्याने बसायला खाट टाकली, पाणी दिले. बराच वेळ दोघेही विहिरीकडे बघत बसलो. त्या विहिरीत आम्ही पोहायला शिकलो. आता तिच्यात पाणी नाही, बाजूला ट्यूबवेल आहे, तीही दुसरी. मग तो म्हणाला, "भाऊ, तू लोकायले सांगत फिरतो, मंग आमाले काबरं नाही सांगितलं?"

कामाची गर्दी, करोनाचे दिवस, अशी कारणे जिभेवर आली होती. ती मी गिळली आणि म्हटले, "चुकलं माझं. फोटो पाहिलाच नव्हता." तो काही बोलला नाही. उठून मला नव्या बागेत घेऊन गेला. यंदा मधे काहीच घेतलेले नव्हते, बांध स्वच्छ होते. मी वाकून पाने उलटी करून पाहू लागलो, तसा तोही शेजारच्या ओळीत वाकला. अंधार पडेपर्यंत आम्ही तशाच ओळी पालथ्या घातल्या.

परतीच्या दिवशी मात्र तो स्टेशनावर आला नाही. आईने पिशवीत तिळाचे लाडू आणि चार वांगी घातली होती. दादा गाडी हलेपर्यंत खिडकीला धरून उभा होता.

बऱ्हाणपूर गेले आणि खिशातला फोन वाजला. केळीच्या खालच्या पानाचा फोटो होता. खाली काहीच लिहिलेले नव्हते. मी चष्मा लावून नीट पाहिले. पिवळे-तपकिरी लांबट ठिपके होते, म्हणजे हरण्या नव्हे, थंडीतला करपा. "घाबरू नको. डाग पडला तेवढा पानाचा भाग काप, बागेबाहेर नेऊन जाळ. फवारणीचं रात्री फोनवर सांगतो," असे लिहून पाठवले, तेव्हा गाडी नेपानगरलाही पोचली नव्हती.