उथळ कुंडीतले डाळिंब

नाशिकहून आग्रा रस्त्याने निघाले की पिंपळगाव बसवंतपर्यंत डावी-उजवीकडे द्राक्षांचे मांडव दिसत राहतात. पुढे देवळा-सटाण्याच्या वाटेला लागले की जमिनीचा रंग पालटतो. हलका माळ, मुरूम, मधूनच चुनखडी, आणि त्यावर डाळिंबाच्या बागा. कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा या चार तालुक्यांना मिळून इकडची माणसे 'कसमादे' म्हणतात. आंबे बहार धरलेल्या बागेत फेब्रुवारी-मार्चमध्ये शिरावे. पाने अजून कोवळी तांबूस असतात आणि फांदीफांदीच्या टोकाला शेंदरी कळ्या लागलेल्या असतात.

पण याच वाटेवर बांधाला टाकलेले खोडांचे ढीगही दिसतात. या शतकाच्या पहिल्या दशकात तेल्या रोगाने कसमादेतल्या कितीतरी बागा बसवल्या, आणि मर रोगाने अजून बसतात. झाडे उपटली जातात, खोडे चुलीखाली जातात. वीस-वीस वर्षांचे, पीळ पडलेले, मांडीएवढे खोड! शहरातल्या बोन्सायवाल्याने पाहिले तर तो बांधावरच बसकण मारील. असे जुने दिसणारे खोड कुंडीत तयार करायला त्याचे अर्धे आयुष्य जाते.

बोन्साय म्हणजे उथळ कुंडीत, मुळे व फांद्या छाटून, वर्षानुवर्षे लहान ठेवलेले झाड. जपानी माणसाचे यातले लाडके झाड म्हणजे उमे, जर्दाळूचा भाऊबंद. ऐन थंडी सरताना, पान फुटण्याआधी, काळ्या वाकड्या फांदीवर त्याला पांढरी, गुलाबी किंवा लाल फुले येतात. जाती शेकड्यांनी आहेत. पण कुंडीसाठी जाणकार निवडतात त्या बहुधा रानटी उमेच्या जवळच्या, लहान एकेरी फुलांच्या. बुंगो नावाच्या गटाची फुले मोठी, देखणी. तरी लहान झाडावर ती विजोड दिसतात. कारण साधे आहे. कुंडीत झाड लहान होते, पानही बारीक होते, पण फूल आणि फळ मात्र आपला आकार फारसा सोडत नाही.

उमे नाशिकला लावायच्या भानगडीत पडू नये. निफाडजवळ कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात हिवाळ्यात पारा कधी कधी ५ अंशांच्या खाली जातो खरा, पण ती चार रात्रींची थंडी. या झाडाला आठवडेच्या आठवडे गारवा लागतो, आणि पुढे आपला एप्रिल-मे आहेच. आपले उमे म्हणजे डाळिंब. फक्त निवडीचा नियम तोच लावायचा.

गणेश ही जात पुण्याच्या गणेशखिंड बागेत डॉ. चीमा यांनी आळंदीच्या वाणातून निवडली. पुढे राहुरीच्या विद्यापीठाने मृदुला, आरक्ता व भगवा दिल्या. या जाती काढल्या बाजारासाठी, मोठ्या फळासाठी. हातभर उंचीच्या झाडाला पाव किलोचे भगवा लटकले तर फांदी तरी मोडेल किंवा पाहणारा हसेल तरी. त्यातल्या त्यात आरक्ताचे फळ लहान आणि रंगाला गडद. खरे कुंडीचे डाळिंब म्हणजे 'नाना' नावाची बुटकी जात. पान बारीक, फळ लिंबाएवढे, आंबट. खायचे नाही, पाहायचे. बियांपासूनही लवकर फुलते. खोड मात्र भरायला फार वर्षे घेते. फुलांचीच हौस असेल तर दुहेरी फुलांचे डाळिंब घ्यावे. त्याला फळ धरत नाही, म्हणून ते फाटे-कलमाने किंवा गुटीनेच वाढवावे लागते.

मग बांधावरचे ते खोड? घ्यावे, पण बाग का काढली ते विचारून. तेल्याचे जंतू पावसाच्या थेंबांबरोबर उडतात आणि रोगट काडीबरोबर गावोगाव जातात. मर लागलेले खोड आडवे कापले तर आत काळपट-तपकिरी डाग दिसतो, आणि रोग त्याच्या मुळाच्या मातीतही असतो. असले खोड कितीही देखणे असो, शेजाऱ्याची चांगली बाग जवळ असताना अंगणात आणणे हा शेजारधर्म नव्हे. ते जाळलेलेच बरे. बाग नुसती म्हातारी झाली म्हणून किंवा विहिरीसाठी, रस्त्यासाठी काढली असेल, तर निरोगी खोड खुशाल आणा. मुळे आखूड करून आधी साध्या मोठ्या कुंडीत वर्ष-दोन वर्षे धरू द्या. उथळ कुंडी त्यानंतर.

काळी माती कुंडीत नको. पाणी धरते आणि सुकली की भेगाळते. बारीक मुरूम, जाड वाळू आणि कुजलेले शेणखत चांगले. बागायतदाराच्या घरात एक चूक हटकून होते, ती म्हणजे बहारासाठी कुंडीलाही ताण देणे. बागेतल्या झाडाची मुळे खोलवर जातात, म्हणून ते महिनाभराचा ताण सोसते. चार बोटे मातीतले झाड आठवड्यात वाळेल. पाणी थोडे कमी करावे, तोडू नये. उन्हाळ्यात दोन वेळा द्यावे आणि दुपारी सावलीत ठेवावे. फुले नव्या फुटीच्या टोकांशी येतात, तेव्हा फूट निघाल्यावर कात्री बाजूला ठेवावी.

बागेत नर कळ्यांचा सडा पडला की मालकाचा जीव खालीवर होतो. मादी कळी किती, सेटिंग किती, हाच हिशेब. कुंडीतल्या झाडाची नर कळीही तितकीच शेंदरी असते, आणि गळाली तरी कुणाचे देणे थकत नाही. मादी कळ्यांतून फळे धरली, तर एक-दोन ठेवून बाकीची सुपारीएवढी असतानाच काढून टाकावीत.